गणिताला कोण आहे?

आमच्या शाळेत हेडसरांनी कुणाचं कौतुक केलं की त्या माणसाच्या पोटात गोळा यायचा. गंमत नाही सांगत. विस्तार अधिकारी तपासणीला आले की हेडसर इतिहासाच्या सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "साहेब, असा शिक्षक तालुक्यात दुसरा मिळायचा नाही. अभ्यासू, निर्व्यसनी, अक्षर म्हणजे छापल्यासारखं." साहेब मान डोलवायचे आणि इतिहासाचे सर पांढरे पडायचे. पटसंख्या घटली होती, इतिहासाचे सर त्या वर्षी अतिरिक्त ठरत होते आणि हेडसर त्यांच्यासाठी बरी शाळा बघत होते. मग साहेबांची नजर माझ्याकडे वळायची. हेडसर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "या गणिताच्या मॅडम. चालतंय आपलं कसंतरी."

कसंतरी! आठवी ते दहावीचं सगळं गणित माझ्याकडे, वर नववीचं विज्ञान, आणि म्हणे कसंतरी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या कपाटाआड जाऊन रडले होते. मराठीच्या बाईंनी मला तिथून बाहेर काढलं. त्या म्हणाल्या, "अगं वेडे, तुझं वाईट बोलतात म्हणजे तू हवी आहेस त्यांना. गणिताच्या माणसाचं चारचौघांत चांगलं बोललं की पुढच्या जूनला तो दुसऱ्याच्या शाळेत दिसतो." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे तर आम्ही स्टाफरूममध्ये यावरून एकमेकांची चेष्टा करायचो. चित्रकलेच्या सरांना हेडसरांनी एकदा 'कलावंत' म्हटलं, तर ते दोन दिवस जेवले नाहीत.

शाळा पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या कडेला. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला निघून जायचं आणि मुलं आजीजवळ राहायची, नाहीतर बरोबर जायची. अशा गावात मराठी, इतिहास, भूगोल शिकवायला माणसं रांगेत उभी असायची. गणित-विज्ञानाला अर्जच येत नसे. म्हणून हेडसर स्वतः बाहेर पडायचे. उन्हाळ्यात नगरच्या बी.एड. कॉलेजांत पाठ परीक्षा असायच्या, तिथे हे मागच्या बाकावर जाऊन बसायचे. परीक्षकांना वाटायचं कुणाचे तरी वडील आहेत.

मी त्यांना तिथेच सापडले. माझा पाठ संपला आणि बाहेर पडते तर एक उंच, वाकलेला माणूस पुढे आला. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. म्हणाले, "पाठ बरा झाला. कॉलेजात गणितात कधी नापास झालात का?" मला राग आला. पण खोटं बोलायचं वळण नाही, म्हणून सांगितलं, एस.वाय.ला एकदा, कॅल्क्युलसमध्ये. त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं हा माणूस भ्रमिष्ट आहे. "छान झालं," ते म्हणाले. "नापास झालेल्याला पोराचं कुठं अडतंय ते कळतं. आणि दुसरं सांगू का? पहिल्या नंबरचा माणूस दिवाळीपर्यंत पुण्याला जातो." मी भिंगारची. वडील मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन नोकरीत होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले होते. क्वार्टर सोडावं लागलं आणि जुन्या बाजारातल्या दोन खोल्यांत मी आणि आई राहत होतो. नोकरी हवीच होती. आईला म्हटलं, तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढते, कायम झाले की नगरला बघते, मग तुझ्याजवळच. आई म्हणाली, "जा. पण तीन म्हणजे तीनच हं." तिला तेव्हापासूनच एका डोळ्याने कमी दिसत होतं.

गावात खोलीसुद्धा हेडसरांनीच शोधून ठेवली होती. मला स्टँडसमोरची आवडली होती, तर त्यांनी साफ नकार दिला. "स्टँडजवळ खोली द्यायची नाही. रोज नगरची गाडी दिसली की माणूस एक दिवस चढतो." खोली मिळाली ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी. दारात दोनशे लिटरचा निळा ड्रम, तोही त्यांनीच आणून ठेवलेला. दर आठवड्याला येऊन ते झाकण उचलून बघायचे आणि काही न बोलता जायचे. सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मात्र ते सकाळपासून स्टँडवर बसलेले असायचे. हातात वर्तमानपत्र, तेच पान उघडलेलं. आपण गाडीतून उतरलो की मान वर न करता म्हणायचे, "आलात? या." मला आधी वाटायचं पाळत ठेवतात. मग कळलं, एका दिवाळीत त्यांचे विज्ञानाचे सर घरी गेले ते आलेच नव्हते. नंतर पोस्टाने राजीनामा आला, पाकिटात प्रयोगशाळेची किल्ली.

तेव्हापासून दहावीचं विज्ञान हेडसर स्वतः घ्यायचे. माणूस हिंदी विषयाचा! आदल्या दिवशी माझ्याकडून धडा समजावून घ्यायचे, वहीत हिंदीतून टिपणं काढायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात घाम पुसत उभे राहायचे. एकदा आरशांचा धडा होता. किरणाची आकृती तीनदा काढली, तीनदा चुकली. शेवटी एका मुलीने फळ्यापाशी येऊन ती नीट काढून दिली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, मी शिकवतो ते विज्ञान न्हाई हो. विज्ञानाची नुसती बातमी हाय ती." एरवी ते पुस्तकी मराठी बोलायचे. थकले, घाबरले की घरची भाषा तोंडात यायची.

तीन वर्षांची चार झाली, चाराची सहा. अशात नगरच्या एका शाळेत गणिताची जागा निघाली. भिंगारपासून रिक्षाने दहा मिनिटं. मी कुणाला न सांगता गेले, पाठ दिला, आणि पाठ असा रंगला म्हणता की तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला चहा दिला आणि जूनपासून घर बदलावं लागेल का असंही विचारलं. मी तशीच भिंगारला आईकडे गेले. आईने शेजारणींना पेढे वाटायचे ठरवून टाकले. मग आठवडा गेला, पंधरवडा गेला. पत्र नाही, निरोप नाही. फोन केला तर त्यांचा क्लार्क म्हणाला, दुसऱ्यांना घेतलं. आई म्हणाली, "असू दे. दुसरी निघेल." पण तिने डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. म्हणाली, तू जवळ आलीस की करू. पेढ्यांचंही तोंडातून काढलं नाही पुन्हा.

वर्षभराने एका प्रशिक्षणात त्याच मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. जेवणाच्या रांगेत हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला घ्यायचं अगदी नक्की होतं. पण आम्ही तुमच्या शाळेत फोन केला होता. तुमच्या हेडसरांनीच सांगितलं, गणित कच्चं आहे, एस.वाय.ला नापास झाल्या होत्या." मी हातातलं ताट परत ठेवून दिलं. मी जेवले नाही. संध्याकाळच्या गाडीने गावी परतले, पण त्या दिवशी हेडसरांच्या घरी गेले नाही. म्हटलं, जे बोलायचं ते शाळेतच बोलायचं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ऑफिसात शिरले. हेडसर डबा खात होते. "सर, नगरच्या शाळेतून माझ्याबद्दल फोन आला होता का?" त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

"आला हुता."

"काय सांगितलंत?"

"गनित कच्चं हाय म्हनून." मग खाली बघत म्हणाले, "नापास झाल्याचंबी सांगितलं."

"सर, माझी आई एकटी आहे तिकडे. तिला दिसत नाही नीट."

"म्हाईत हाय."

"माहीत असून?"

"दहावीला बावन्न पोरं हुती, मॅडम. तुमी गेल्यावर कोन हुतं त्यांना? मी? आरशाचा किरन काढता येत न्हाई मला."

"माझ्या आईचं काय व्हायचं ते ठरवणारे तुम्ही कोण?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की व्हरांड्यात खेळणारी मुलं गप्प झाली.

"कुनीच न्हाई," हेडसर म्हणाले. "कुनीच न्हाई. पन केलं."

त्यानंतर तीन महिने मी त्यांच्याशी कामाशिवाय बोलले नाही. राजीनामा तोंडावर फेकून निघायला हवं होतं, असं आता सगळे सांगतात. सांगायला काय जातंय! मागोमाग नवी पदं भरायची बंद झाली, आणि नगरला सोडा, जिल्ह्यात कुठेच जागा निघेना. माझ्या हातात आलेली ती एकच होती.

एका रविवारी आईचा फोन आला. हेडसर भिंगारला येऊन गेले होते, एकटेच, एस.टी.ने. तिच्यासमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. वर म्हणाले, गावात तळमजल्यावरची एक चांगली खोली बघितली आहे, तुम्ही राहायला चला, डोळ्याचं ऑपरेशन मी स्वतः नेऊन करून आणतो. आई काय म्हणाली असेल? "मी म्हटलं, मास्तर, माझी पोर कोंडलीत आणि आता मलाही कोंडायला आलात व्हय? मिलिटरीच्या नळाचं पाणी प्यायलेली बाई मी, या वयात टँकरमागं पळू?" मी विचारलं, मग? "मग काय, रडला गं तो. मी चहा केला. घरी आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं?" आली मात्र नाही. ती तिच्या आईवर गेली होती, एकदा नाही म्हणजे नाही.

पुढच्या वर्षी दहावीची पूर्वपरीक्षा चालू होती. बीजगणिताचा पेपर. मी वर्गात फेऱ्या मारत होते आणि हेडसर दारात आले. त्यांनी माझ्या हातातून उरलेल्या पुरवण्या घेतल्या आणि म्हणाले, "मॅडम, भिंगारवरून फोन आलाय. गाडी उभी हाय." आई सकाळी पाणी भरताना पडली होती. जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते, दोन तास. आम्ही पोचलो तेव्हा शेजारणींनी तिला पांढरं लुगडं नेसवलेलं होतं. रिक्षाने दहा मिनिटांवर असते तर मी वेळेत पोचले असते का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला मात्र सांगता येतं, निदान ती एकटी पडली नसती. बुद्धवंदना झाली, सगळं आटोपलं, तेव्हा हेडसर माझ्याजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "मला शिव्या द्या." मी दिल्या नाहीत. तेवढं बळ नव्हतं अंगात.

आठ दिवसांनी मी परत शाळेत गेले. का गेलीस, असं मला अजून विचारतात. दुसरीकडे कुठे जाणार होते? भिंगारला आता माझं कोण होतं? आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. गाडीतून उतरले तर स्टँडवर हेडसर नव्हते. ते माझ्या वर्गावर बसून मुलांकडून जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेत होते. मला बघून उठले, खडू माझ्या हातात दिला आणि निघून गेले. त्या वर्षी गणितात आमचा एकही मुलगा नापास झाला नाही. त्याचा मला आनंद झाला होता, आणि आनंद झाल्याचा रागही आला होता.

यथावकाश हेडसर निवृत्त झाले आणि मुलाकडे श्रीरामपूरला गेले. काही वर्षांनी सेवाज्येष्ठतेने त्यांच्या खुर्चीत मी आले. आता पाठ परीक्षांना मीच मागच्या बाकावर बसते. बसून उपयोग नाही. बी.एस्सी. झालेली पोरं बी.एड.ला येतातच किती, आणि जी येतात ती कोचिंग क्लासवाले आधीच उचलतात. शिक्षक भरतीच्या पोर्टलवर आमची मागणी पडून असते. पद मंजूर, माणूस नाही. मे महिना आला की मी ओळखीच्या, अनोळखी अशा सगळ्यांना फोन करत सुटते, "गणिताला कुणी आहे का हो? विज्ञानाला?" समोरचा हसतो. परवा तर एका संस्थेचे सचिव म्हणाले, "मॅडम, मिळाला तर आम्हालाही कळवा." मी थकले आहे, खरंच सांगते.

दोन वर्षांपूर्वी तासिका तत्त्वावर अक्षय नावाचा मुलगा मिळाला. गणित असं शिकवायचा की मधल्या सुट्टीतही मुलं फळ्यापाशी थांबायची. त्याची बायको शिर्डीला नर्स, मूल दीड वर्षाचं. हा आठवड्यातून एकदा जाऊन यायचा आणि सोमवारी सुजलेल्या डोळ्यांनी वर्गावर यायचा. यंदा दिवाळीच्या आधी शिर्डीकडच्या एका शाळेतून फोन आला. "अक्षय सरांनी आमच्याकडे अर्ज केलाय. कसे आहेत?" मी रिसीव्हर धरून उभी राहिले. एक वाक्य जिभेवर आलंच होतं, खोटं कशाला बोलू? शेवटी म्हटलं, "उत्तम आहेत. डोळे मिटून घ्या." आणि फोन ठेवून टेबलावर डोकं टेकवलं.

अक्षय गेला. जाताना पाया पडला आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्याच आठवड्यात एक बाई कोयता-बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून, निघता निघता शाळेत आली. तिची मुलगी दहावीला, आजीजवळ राहणार होती. "मॅडम, पोरीला तुमच्या जिवावर ठिवून चाललोय. गनिताला सर हायेत ना?" मी म्हटलं, "मी आहे." तिने माझे हात धरले आणि ट्रॅक्टरकडे पळाली. मुख्याध्यापकाचं काम, दहावीचं गणित, नववीचं गणित, आणि विज्ञानाला तर कुणीच नाही. माझा संताप संताप झाला, आणि तो सगळा जुन्याच माणसावर निघाला. रजा टाकली आणि श्रीरामपूरची गाडी धरली. म्हटलं, त्यांना एकदा तोंडावर सांगायचंच, की खरं बोलता येतं.

हेडसरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. सून दारातच म्हणाली, "ओळखतात सगळ्यांना. वार-तारीख तेवढी राहत नाही लक्षात." ते खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर ठेवलेला. मला बघून सरळ व्हायला गेले. कशा आहात नाही, बसा नाही, पहिला प्रश्न, "गणिताला कोण आहे?"

मी सगळं सांगितलं. अक्षयचं, फोनचं, त्याच्या मुलाचं. "मी खरं सांगितलं, सर. तुमच्यासारखं नाही केलं मी." फार वर्षं साठवलेलं वाक्य होतं ते. बोलले आणि लगेच नको होतं बोलायला असं वाटलं.

"बरं केलं," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "मला जमलं न्हाई तसं. तुमच्या आईला..." चेहऱ्याची एकच बाजू रडत होती. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं. माझ्या आईचंही मी असंच पुसायला हवं होतं, असं मनात आलं, आणि तरी हात मागे घेतला नाही.

थोड्या वेळाने ते सावरले. "मग आता गनिताला कोन हाय?"

"मीच."

"आन् विज्ञानाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खुर्चीखाली पाय नेले आणि उजव्या पायाने चपला चाचपायला लागले. एक सापडली, दुसरी सापडेना. "चला," ते म्हणाले, "घंटा झाली आसंल. पोरं बसली आसतील." सून आतून पळत आली.

"बसा, सर," मी त्यांचा हात धरून म्हटलं. "आज रविवार आहे."

"रविवार?"

"रविवार."

"मग ठीक हाय." ते मागे टेकले, पण हात सोडला नाही. "मग तुमीबी बसा निवांत. चहा घ्या."

तो गुरुवार होता. दहावीचा गणिताचा तास रिकामा टाकून मी आले होते. चहा दोनदा झाला, आणि त्यांना झोप लागेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.